सवतीचं तोंड

माझ्या लग्नात नवऱ्यानं गळ्यात मंगळसूत्र घातलं आणि पाठोपाठ सासूनं सवत घातली. खोटं नाही सांगत. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक होता तो, अंगठ्याच्या नखापेक्षा जरासा मोठा. त्याच्यावर एक बाई उठवलेली. मोठाले डोळे, सरळ धारदार नाक, कपाळावर टिकली, हात जोडलेले. ही माझ्या नवऱ्याची पहिली बायको. ती सवाष्ण गेली, म्हणून तिचा टाक केला, आणि दुसरेपणावर आलेल्या माझ्या गळ्यात बांधला. आंध्राच्या सरहद्दीकडच्या आमच्या गावांत ही रीत होती. पहिलीला गळ्यात वागवलं, मान दिला, म्हणजे ती दुसरीला छळत नाही म्हणे.

सासूनं मांडवातच सगळे नियम सांगून टाकले. "रोज पयला घास हिले दाखवाचा, मंग तू जेवाचं. नवं लुगडं आधी हिच्यापुढं ठेवाचं, मंग नेसाचं. अन् दोरा गळ्यातून काढाचा नाई, घरात दुखणं येते." मी मान हलवली. मॅट्रिक झालेली होते, पण मांडवात मॅट्रिक कोण विचारतं?

मग तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं माझं सासरचं नाव लिहिलं. वाकून बघते तर तिचंच नाव! सासू म्हणाली, "घरातल्या साऱ्यायच्या जिभेले तेच वळण हाय. नवं कायले शिकाचं?" बायका हसल्या. मीही हसले, कारण सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. ऐंशीच्या दशकातली पहिलीदुसरी वर्षं असतील. माहेरचं नाव त्या दिवशी जे गेलं ते गेलंच. पुढं आईवडीलही गेले, आणि त्या नावानं हाक मारणारा एक भाऊ तेवढा उरला. तो चंद्रपूरला, दिवाळीला एकदा यायचा.

सासू गावीच राहिली. नवरा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कामाला होता. आमची खोली कामगारांच्या क्वार्टर्समध्ये, एका ओळीत सगळी घरं सारखी, दारावरचा आकडा वाचल्याशिवाय आपलं घर ओळखू यायचं नाही. भोंगा झाला की तो जायचा, भोंगा झाला की यायचा. आला की सगळं अंग काळं, नुसते डोळे दिसायचे. आंघोळ, जेवण, झोप. माणूस वाईट नव्हता हो. हात उगारला नाही, दारू प्यायला नाही. फक्त बोलायचा नाही. त्याच्याशी बोलणं म्हणजे आडात दगड टाकून आवाजाची वाट बघणं.

शेजार सगळा तेलुगू. मला तेलुगू येईना. पलीकडची बाई मात्र रोज दुपारी भिंतीवरून डोकवायची आणि विचारायची, "तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का. मी शिकलेला हा पहिला तेलुगू शब्द. "लेदु," नाही, असं मी म्हणायची. गळ्यातल्या टाकाकडे बोट दाखवून खुणेनं सांगायची की आधी ही, मग मी. ती बाई कपाळाला हात लावायची. रोज हेच. दिवसभरात माणसाशी झालेलं तेवढंच बोलणं.

राहिली पोर. पहिलीची मुलगी, मी आले तेव्हा पाच वर्षांची. मला मावशी म्हणायची. सासूनंच तसं शिकवलं होतं आणि मला काही वाटलंही नाही, आई कशी म्हणेल? माझ्याकडे तिचं फारसं लक्ष नसायचं. लक्ष सगळं टाकाकडे. वेणी घालायला पुढ्यात बसवली की ती उलटी फिरून टाक मुठीत धरायची.

"ही माही आई हाय?"

"हो."

"अशीच होती?"

"अशीच असंल."

घरात पहिलीचा एकही फोटो नव्हता. त्यांच्या लग्नात फोटो काढणारा आलाच नव्हता, आणि नंतर फोटो काढायला आदिलाबादला जायचं कोणाच्या मनात आलं नाही. म्हणून पोरीला जे काय आईचं तोंड होतं ते माझ्या गळ्यात. झोपताना ती टाक मुठीत घ्यायची आणि सकाळपर्यंत सोडायची नाही. मला कुशीवर वळता येत नसे. बघणाऱ्याला वाटायचं, काय बिलगते सावत्र आईला! अहो, ती तिच्या आईला बिलगायची. मी नुसती खुंटी.

शाळेत एकदा बाईंनी आईचं चित्र काढायला सांगितलं. हिनं काढलं ते अर्ध्या तोंडाएवढे डोळे, जोडलेले हात, आणि कानच नाहीत, कारण टाकाला कान नव्हते. बाई म्हणाल्या, देवी छान काढलीस. पोर रडत घरी आली. "देवी नोहे, माही आई हाय!" मी ते चित्र खरकट्या भातानं दाराच्या आत चिकटवलं. येताजाता आता ती दोन दोन ठिकाणाहून माझ्याकडे बघायला लागली.

आणि मी काय करायची? भांडायची. दुपारी घर रिकामं झालं की गळ्यातल्या बयेशी माझं भांडण सुरू. "तू मेली अन् सुटली, बाई. हा मुका माणूस माझ्या पदरी टाकला. नाव तुझं, लेक तुझी, पहिला घास तुझा. माझं काय हाय ह्या घरात, सांग!" सगळ्यात जास्त राग मला तिच्या नाकाचा यायचा. माझं नाक नकटं. तिचं बघा कसं सरळ, धारेचं. नवरा माझ्याकडे बघत का नाही, तर ह्या नाकामुळं, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. भांडून झालं की तिला घास दाखवायची आणि जेवायला बसायची. दुसरं होतं कोण?

मग ती सोनाराची गोष्ट झाली.

पोर तेव्हा दहा-अकरा वर्षांची. सासू त्याच्या आदल्या साली वारली होती. आदिलाबादजवळ मावल्याला नणंदेकडे काही कार्य होतं, म्हणून आम्ही दोघी गेलो होतो. टाकाची कडी सैल झाली होती, म्हटलं आलोच आहोत तर आदिलाबादच्या सोनाराकडून आवळून घेऊ. म्हातारा सोनार, आमच्याच बोलीचा. सासरच्यांचे सगळे टाक त्याच्याच दुकानातले. कडी शोधायला त्यानं खालचा खण ओढला आणि एक तार काढून गादीवर ठेवली. तारेत टाक ओवलेले, मूठभर. पोरीनं तार उचलली.

सगळ्यांवर तीच बाई. तेच डोळे, तेच धारेचं नाक, तीच टिकली, तेच जोडलेले हात. एकीलाही कान नाहीत.

"ह्या कोन?" पोरीनं विचारलं.

सोनार हसला. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "बाईमानसाचा टाक असाच येते, बेटा. ठसा एकच. माह्या आज्याच्या हातचा हाय, अजून झिजला नाई."

पोरीनं तार हळूच खाली ठेवली. मी बघतच राहिले. कारण हो, मलाही ठाऊक नव्हतं! इतकी वर्षं मीसुद्धा तेच तिचं तोंड समजत होते. एका लोखंडी ठशाच्या नाकावर मी इतकी वर्षं जळत होते. कोणाला सांगितलं तर कोण हसायचं थांबेल?

पण हसायला आलं नाही. बसमध्ये पोर खिडकीशी तोंड लावून बसली. घरात शिरताच तिनं दारामागचं चित्र ओरबाडून काढलं. "तुले माहीत होतं?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या गळ्याची शपथ, नव्हतं." तिला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे. त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि पुढं कधीच तिनं टाकाला हात लावला नाही. मी कुशीवर वळायला मोकळी झाले. पण झोप येईना. इतक्या वर्षांत त्या मुठीची सवय झाली होती मला, आणि ती मूठ माझी नव्हतीच, म्हणून कोणाजवळ मागताही येईना. घरात आता तिघं होतो आणि तिघंही आपापल्या कोपऱ्यात.

त्या दिवाळीला भावानं नेहमीसारखी पुस्तकं आणली. तो रद्दीच्या दुकानातून माझ्यासाठी मराठी पुस्तकं निवडून आणायचा. बेल्लमपल्लीत मराठी अक्षर दिसायचं नाही, मला तेवढाच आधार. त्यांत एक मिसर देशाचं, म्हणजे इजिप्तचं होतं, कव्हर फाटलेलं, आत काळीपांढरी चित्रं. राजाराण्यांचे पुतळे, मेलेल्यांच्या पेट्यांवर रंगवलेली तोंडं, डोळे काजळ घातल्यासारखे लांब. मी पहिलंच चित्र बघितलं आणि टाक चाचपला. सगळ्यांचे डोळे तसेच.

ते पुस्तक मी अधाशासारखं वाचलं. मग पोरीची वेणी घालताना तिला वाचून दाखवायला लागले. ती तेलुगू शाळेतली, मराठी वाचायला तिला जड जायचं, पण ऐकायची. राजा म्हातारा होऊन दात पडले तरी पुतळ्यात कायम जवान. पुतळा बघणाऱ्यासाठी नसायचाच, मेलेल्यासाठी असायचा. त्याच्या जिवाला परत येऊन राहायला जागा पाहिजे म्हणून. कोणाचा सूड घ्यायचा तर पुतळ्याचं नाक फोडायचे, म्हणजे त्याला श्वास घेता येत नाही. नाहीतर नाव खरवडायचे. आणि एखादा राजा तर जुन्या राजाचा पुतळा घेऊन त्याच्यावरचं नाव खोडायचा आणि आपलं कोरायचा. तोंड जुनंच, नाव नवं.

हे वाचलं आणि माझा फणीचा हात थांबला.

"काय झालं, मावशी?"

"माझं उलटं झालं," मी म्हटलं. "माझं तोंड नवं अन् नाव जुनं." आणि तिला ते तांदळाचं ताट सांगितलं. तिला ठाऊकच नव्हतं की मला दुसरंही नाव होतं. लहान पोर, तिला कोण सांगणार?

"मंग तुहं नाव काय?"

मी सांगितलं. त्या घरात हे विचारणारं ते पहिलं माणूस. तिनं एकदा म्हणून बघितलं, चव बघावी तसं, आणि दप्तर उचलून शाळेत गेली.

पुढचं प्रकरण मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी वाचलं. गरीबगुरिबांसाठी तिकडेही तयार पेट्या मिळायच्या. तोंडं साच्यातून काढलेली, एकासारखं एक, आणि नावाची जागा कोरी. माणूस मेलं की नाव लिहायचे, मंत्र म्हणून पुतळ्याचं तोंड उघडायचे, पुढ्यात भाकरी-पाणी ठेवायचे. मग ते तोंड त्याचंच झालं.

"म्हंजे तू घास दाखवतं म्हनून ही माही आई?"

"तसंच काहीतरी."

तिनं थोडा विचार केला. "पन तोंड तं तिचं नाई ना, मावशी. ती कशी होती ते कोनालेच माहीत नाई."

पोर खरं बोलत होती. तिला मंत्र नको होता, आईचं तोंड पाहिजे होतं. सासूला विचारायचं राहून गेलं होतं, नणंदेला चारचौघींसारखी होती एवढंच सांगता आलं होतं. पोरीचा मामा बहीण गेल्यावर भांडून तुटला होता तो कुठं लांब निघून गेलेला, पत्ता नाही. म्हणजे ते तोंड रोज बघितलेलं एकच माणूस जवळ उरलं होतं, आणि ते बोलत नव्हतं.

म्हटलं, आज बोलवतेच. त्याची सुट्टी होती. थंडीचे दिवस, अंगणात उन्हात बसून तो दाढी करत होता. पोर शाळेत. मी समोर जाऊन बसले. "ऐकलं का? तुमची पहिली कशी दिसायची? मला राग नाही यायचा. पोरीसाठी विचारते."

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मग डोळे मिटले. गालावरचा साबण वाळायला लागला तरी हा डोळे मिटून बसलेला. मला वाटलं आता सांगेल, गोरी की सावळी, हसली की खळी पडायची की नाही.

"याद नाई," तो म्हणाला.

"अहो, संसार केला तिच्याबरोबर! एक लेक झाली!"

"करून राह्यलो ना याद. येतच नाई." आणि मग जरा थांबून, "डोये मिटले का तूच दिसते."

काय सांगू तुम्हाला. ह्या एका वाक्यासाठी मी वर्षानुवर्षं डोक्यात अबोली माळली होती. नवीन पातळ नेसून त्याच्या ताटासमोर उगाच दोनदा फिरले होते. आणि ते आलं ते असं! मी पाण्याचा तांब्या आपटला आणि आत गेले. चुलीपुढं बसून रडले. आनंद झाला होता का? झाला होता थोडा, लपवत कशाला. पण गळ्यातल्या बाईची इतकी दया आली मला, की पहिल्यांदाच तिच्याशी भांडता येईना. "अगं, अशी कशी गेलीस तू, पुरती?" एवढंच म्हणाले. पोरीला मात्र ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. बाबा बोलत नाहीत, तुला तर ठाऊकच आहे, असं म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

वर्षं गेली. पोर हुशार निघाली, नव्वदनंतर हैदराबादला नर्सिंगला तिला जागा मिळाली. बाप म्हणाला, तू जा सोडायला. आम्ही रेल्वेनं गेलो. हॉस्टेलात संध्याकाळी यायला सांगितलं होतं, दुपार मोकळी. पोर म्हणाली, "मावशी, इथं म्युझियमात मिसरातली एक ममी हाय म्हंते. पाहून येऊ."

खरंच होती. काचेच्या पेटीत कापडात गुंडाळलेला देह, आणि तोंडावर रंगवलेला मुखवटा. डोळे टक्क उघडे. आत आहे ती तरुण मुलगीच, असं तिथला माणूस म्हणाला. शाळेची पोरं आली, ओरडली, निघून गेली. आम्ही दोघीच राहिलो. इतक्या लांब, कोण कुठली लोकं, आणि तिच्या बाजूला तिचं एकही माणूस नाही. मला तिथं एकदम फार एकटं वाटलं, घरापेक्षाही.

"अशीच असंल ही?" पोर म्हणाली.

"नसंल."

"मंग कोनाचं तोंड हे?"

"हिच्या माणसांनी हिचं म्हणून बसवलं, हिचंच झालं."

पोर वळली, आणि इतक्या वर्षांनी तिनं पुढं होऊन माझ्या गळ्यातला टाक हातात घेतला. उजेडाकडे केला. "मावशी, नाक कुठं गेलं हिचं?"

मी बघितलं. नाक नव्हतं. रोज चिंच आणि राखेनं घासून, रोज माझ्या पोलक्यावर झिजून, ते धारेचं नाक सपाट झालं होतं. एक डोळाही पुसट झाला होता. रोज बघून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुस्तकातली ती फोडलेली नाकं आठवली, श्वास न येणारी. "सोनाराकडे नेते," मी घाईनं म्हटलं. "ठसा मारून देईल पुन्हा."

"नको," ती म्हणाली. "त्या तारेतल्या एकीचंही तोंड असं नव्हतं." आणि तिनं टाक मुठीत धरला, लहानपणी धरायची तसा. आम्ही तिथं तशाच उभ्या राहिलो, मी वाकलेली, कारण दोरा आखूड होता.

हॉस्टेलच्या फाटकापाशी मी दोरा सोडला. सासूचं बोलणं आठवत होतं, घरात दुखणं येते. म्हटलं येऊ दे, आलं तर माझ्यावर येईल. तिच्या गळ्यात बांधला आणि सगळे नियम सांगितले, अगदी सासूच्या आवाजात. पहिला घास हिला, मग तू. पोरीनं मान हलवली आणि पेटी घेऊन आत गेली. वळून बघेल म्हणून मी थांबले होते. बघितलं नाही तिनं. नवीन मुलींच्या घोळक्यात शिरली ती.

घरी आले. गळा इतका हलका झाला होता की हात सारखा तिथं जायचा. नवऱ्याच्या कितीतरी दिवस लक्षातही आलं नाही. आलं तेव्हा म्हणाला, "गळ्यातलं कुठं गेलं?" मी म्हटलं, "लेकीकडे गेली." तो "बरं" म्हणाला आणि जेवला. कामावर गेला. मी ताट वाढून घ्यायची, सवयीनं पहिला घास काढायची, आणि तो हातातच राहायचा. दाखवायचा कोणाला? भांडायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं. घास कावळ्याला टाकायची आणि पुढचं अन्न तसंच झाकून ठेवायची. भिंतीवरून शेजारीण विचारायची, "तिन्नावा?" मी म्हणायची, "लेदु." आता ती कपाळाला हात लावायची नाही, नुसती बघायची.

एक दिवस एसटीडी बूथवाला बोलवायला आला, हैदराबादचा फोन. धावत गेले. पोरीचा आवाज. बरी हाय, जेवन बरं हाय, पोरी चांगल्या हायेत. "अन् मावशी, घास ठेवते मी रोज. साऱ्या पोरी पाहून हासतात. दोन ठेवते."

"दोन? दोन कोणाचे?"

"एक आईचा. अन् एक..." आणि तिनं माझं नाव घेतलं. माहेरचं. पुढं मावशी नाही, काही नाही, नुसतं नाव.

मी बूथमध्ये ओरडलेच. "अगं ए! मी जिती हाय अजून! जित्या माणसाचा घास काढते का कोणी? अवलक्षणी कुठली!" बूथवाला दचकून बघायला लागला.

मग ती म्हणाली, "तुह्या घरी तुहं नाव कोनीच घेत नाई ना. म्हनून मी घेते."

उद्यापासून ठेवू नकोस, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही. फोन ठेवला, पैसे दिले, घरी आले. अजून स्टोव्ह पेटवला नव्हता, तांदूळ तसेच सुपात. भिंतीवरून शेजारीण डोकावली.

"तिन्नावा?"

"तिन्नानु," मी म्हटलं. म्हणजे जेवले.